झाडांतील नर आणि मादी



कामगार चळवळीत आयुष्य घातलेल्या माणसाने बोनस, महागाईभत्ता आणि कामाचे तास सोडून पपईवर आणि तोंडलीवर बोलावे, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटत असेल. मी कॉलेजची पायरी चढलेलो नाही. जे थोडेफार शिकलो ते युनियनच्या कचेरीत, सभा आटोपल्यावर, हाती लागेल ते पुस्तक वाचून. पण चळवळीत एक वाक्य माझ्या कानांवर फार वेळा पडले : ‘हे निसर्गतःच असे आहे, यात बदल व्हायचा नाही.’ हे वाक्य जितके मालकांच्या तोंडी असते तितकेच ते आपल्या घरांतही असते. म्हणून ज्याच्या नावाने ही ग्वाही दिली जाते तो निसर्ग प्रत्यक्षात कसा वागतो, हे पाहण्याची मला ओढ लागली.

नर आणि मादी हा भेद तर सर्वांत निसर्गसिद्ध समजला जातो. तो मुळात आला कसा? या प्रश्नाचे उत्तर माणसात शोधणे कठीण आहे, कारण आपल्या पूर्वजांत तो ज्या रीतीने ठरू लागला त्याला सतरा-अठरा कोटी वर्षे होऊन गेली. इतक्या जुन्या घटनेचे पुरावे पुसट झालेले असतात. झाडांत मात्र हाच भेद पुष्कळ अलीकडे आणि निरनिराळ्या कुळांत शेकडो वेळा स्वतंत्रपणे उत्पन्न झाला. काही ठिकाणी तो अजून घडतो आहे. पूर्ण झालेली इमारत पाहून पाया कसा घातला ते कळत नाही. त्यासाठी चालू बांधकामावर जावे लागते. झाडे हे असे चालू बांधकाम आहे.

प्रथम साधी गोष्ट ध्यानात घेऊ. फूल म्हणजे एक लहानसा कारखाना. गिरणीत जशी निरनिराळी खाती असतात तशी फुलात दोन खाती असतात. पुंकेसरांच्या खात्यात परागकण तयार होतात. स्त्रीकेसराच्या खात्यात बीजांडे असतात, आणि पराग तेथे पोचला म्हणजे बी धरते. जास्वंद, वांगे, आंबा, वाटाणा यांच्या फुलांत ही दोन्ही खाती एकाच छपराखाली आढळतात. मक्यात आणि दुध्यात ती वेगळ्या फुलांत गेली आहेत, परंतु झाड एकच : मक्याचा तुरा नर, कणीस मादी. आणि तिसरा प्रकार असा की एक झाड केवळ नर, दुसरे केवळ मादी. पपई, करटोली, तोंडली, कोकम, जायफळ, ताड, खजूर ही या प्रकारची. फुले येणाऱ्या वनस्पतींच्या सुमारे तीन लाख जातींपैकी साडेपंधरा हजारांच्या आसपास, म्हणजे शेकडा पाच-सहा, अशा आहेत. बाकी सर्व वनस्पतिसृष्टी बहुतांशी दोन्ही खाती एकाच झाडावर चालवते. तेव्हा झाडांपुरते बोलायचे तर नर-मादीची फाळणी हा नियम नसून अपवाद आहे.

हा भेद शेतकऱ्यांना फार पूर्वीपासून ठाऊक होता. मेसोपोटेमियात खजुराच्या नर झाडाचा मोहोर काढून मादी झाडावर हाताने झटकण्याची रीत हजारो वर्षांची जुनी आहे. पपईबद्दल तर एक गंमतीची नोंद गोव्याशी निगडित आहे. १५८३ साली लिन्शोतेन नावाचा एक डच मनुष्य गोव्याच्या आर्चबिशपचा चिटणीस म्हणून आला. त्याने परत गेल्यावर १५९६ साली प्रवासवर्णन छापले. स्पेनच्या अमेरिकन मुलखातून फिलिपाईन्स आणि मलाक्काच्या वाटेने हिंदुस्थानात आलेल्या या नव्या फळाची हकीकत त्यात आहे. या झाडात नर आणि मादी अशा दोन जाती असून नराला फळ धरत नाही, आणि त्यांना एकमेकांपासून दूर लावले तर कोणालाच धरत नाही, असे तो सांगतो. ज्या बागाइतांकडून त्याने हे ऐकले असेल त्यांची नावे अर्थातच कोठे नोंदलेली नाहीत.

विद्वानांच्या जगात ही गोष्ट सिद्ध व्हायला आणखी शंभर वर्षे लागली. जर्मनीतील ट्यूबिंगेन येथील कामेरारियुस याने १६९४ साली आपले प्रयोग एका पत्राच्या रूपाने प्रसिद्ध केले. एरंडाची नर फुले पराग सुटण्यापूर्वीच खुडली तर बी धरत नाही; नरापासून दूर असलेल्या तुतीच्या मादी झाडाला फळे येतात पण बिया पोकळ निघतात. पराग ही फुलाची नुसती धूळ नसून बीजाला आवश्यक असा नराचा वाटा आहे, हे त्याने दाखवले.

आता पुढचा प्रश्न. एकाच फळातल्या बिया, एकाच वाफ्यात पेरलेल्या, एकच खत, एकच पाणी. मग त्यांतली काही रोपे नर आणि काही मादी का निघतात? याचे उत्तर पेशीच्या आत आहे. प्रत्येक पेशीत गुणसूत्रे नावाचे धाग्यासारखे भाग असतात. त्यांवर जनुके, म्हणजे शरीर कसे घडवायचे याच्या सूचना, ओळीने मांडलेल्या असतात. गुणसूत्रे जोडीजोडीने असतात : जोडीतले एक आईकडून आलेले, एक बापाकडून. पपईत अशा नऊ जोड्या आहेत, तोंडलीत बारा. बीजपेशी तयार होताना प्रत्येक जोडीतले एकच गुणसूत्र पुढे जाते.

१९०५ साली अमेरिकेतील नेटी स्टीव्हन्स या संशोधिकेने पिठातल्या किड्याचे निरीक्षण करताना असे पाहिले की, नरात एका जोडीतली दोन गुणसूत्रे सारखी नसतात. एक मोठे, एक अगदी लहान. मोठ्याला आपण क्ष म्हणू, लहानाला य. मादीला दोन क्ष, नराला एक क्ष आणि एक य. मादीच्या प्रत्येक अंड्यात क्षच असणार. नराच्या अर्ध्या बीजपेशींत क्ष आणि अर्ध्यांत य. म्हणून अपत्य नर की मादी हे य आले की नाही यावर ठरते, आणि दोहोंचे प्रमाण निम्मे-निम्मे राहते. माणसातही हाच हिशेब आहे. मुलगी झाली म्हणून सुनेला बोल लावणाऱ्या घराला हा हिशेब कोणीतरी समजावून सांगितला पाहिजे. य गुणसूत्र आईजवळ नसतेच. ते येते ते बापाकडून, आणि त्यातही बापाची इच्छा चालत नाही.

झाडांत हे प्रथम १९१७ साली अमेरिकेच्या ॲलन याने शेवाळासारख्या एका लहान वनस्पतीत दाखवले. फुलझाडांचा मान १९२३ सालाचा. युरोपात शेतांच्या बांधांवर सायलीन नावाचे पांढऱ्या फुलांचे एक रानझाड उगवते. इंग्लंडमध्ये कॅथलीन ब्लॅकबर्न आणि डेन्मार्कमध्ये विंगे यांनी त्याच एका वर्षी त्याच्या नरात क्ष-यची असमान जोडी पाहिली. याच झाडात त्याआधी जर्मनीच्या बाऊरला पाने अरुंद करणारा एक गुण आढळला होता, आणि विशेष हा की अरुंद पानांची झाडे सगळी नर. त्याचे कारण सोपे आहे. हा दोष क्ष गुणसूत्रावर बसलेला आहे. मादीजवळ दोन क्ष. एकावरचे जनुक बिघडले तर दुसऱ्यावरचे काम चालवते. नराजवळ क्ष एकच, बदली कामगार नाही. म्हणून दोष लगेच उघडा पडतो. अशा जनुकांना लिंगसंलग्न जनुके म्हणतात. माणसातले रंगांधळेपण पुरुषांत अधिक का आढळते, त्याचेही कारण हेच.

आणि आता आपल्या स्वयंपाकघरातली गोष्ट. पुण्याचे संशोधक एल. एस. एस. कुमार आणि जी. बी. देवडीकर यांनी १९४० साली ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात तोंडलीच्या वेलाची लिंगगुणसूत्रे प्रसिद्ध केली. मादी वेलात बारा जोड्या सारख्या; नर वेलात एक जोडी असमान, आणि तीतले य गुणसूत्र लहान नव्हे तर इतर सर्वांपेक्षा मोठे, क्षच्या दुपटीहून अधिक. आपण भाजीसाठी मादी वेलाचे खुंट लावतो, म्हणून नर वेल परसात सहसा दिसत नाही. पण जगातल्या शास्त्रज्ञांना आजही जे झाड अभ्यासाला हवेसे वाटते ते आपल्या कुंपणावर चढलेले आहे, हे लक्षात असू द्यावे.

माणसाचे य लहान, तोंडलीचे य मोठे. हा विरोध सुटला तर सगळी कथा सुटेल. त्यासाठी आरंभापासून निघू.

आरंभी झाडाच्या प्रत्येक फुलात दोन्ही खाती आहेत. अशा झाडाला स्वतःच्याच परागाने बी धरू शकते. पण जवळच्या नात्यातल्या संबंधातून दुबळी संतती निघते, हे आपल्याला माहीत आहे. झाडाचा तर इथे स्वतःशीच संबंध. समजा, एखाद्या झाडात पुंकेसर घडवणारे एक जनुक बिघडले. परागाचे खाते बंद पडले. ते झाड आता केवळ मादी. त्याचे सगळे बी परक्या परागाचे, म्हणून सशक्त. शिवाय परागावर होणारा खर्च बियांकडे वळला. अशा मादी झाडांची संख्या समाजात वाढत जाते. मादी जसजशा वाढतील तसतसा परागाला भाव येतो. मग दुसरा बदल घडतो : एखाद्या उभयलिंगी झाडात स्त्रीकेसर दाबून टाकणारे जनुक उत्पन्न होते. त्या झाडाचे सगळे बळ परागाकडे जाते. तो झाला नर. दोन पायऱ्यांचा हा जिना डेबोरा आणि ब्रायन चार्ल्सवर्थ या इंग्रज दांपत्याने १९७८ साली गणित मांडून दाखवला. त्याआधी डेन्मार्कच्या वेस्टरगार्डने सायलीनच्या य गुणसूत्राचे तुटके नमुने तपासून १९५८ साली दाखवले होते की, त्यावर स्त्रीकेसर दाबणारा भाग वेगळा आणि पुंकेसर घडवणारा भाग वेगळा आहे.

पण इथे एक अडचण येते. बीजपेशी तयार होताना जोडीतली दोन गुणसूत्रे एकमेकांशी तुकड्यांची अदलाबदल करतात. दोन जनुके दूर असली तर त्यांची ताटातूट होईल. नराचे ‘स्त्रीकेसर दाबा’ हे जनुक मादीच्या ‘पुंकेसर बंद’ या जनुकाच्या शेजारी जाऊन बसले, तर त्या झाडाची दोन्ही खाती बंद. असे झाड नर नाही, मादी नाही, वांझ. म्हणून ज्या झाडांत ही दोन जनुके जवळजवळ होती आणि त्यांच्यामधली अदलाबदल थांबली होती, त्यांचाच वंश टिकला. य गुणसूत्राचा जन्म या बंदीत आहे.

आणि त्याच्या पुढच्या सगळ्या दैन्याचे मूळही तेथेच आहे. कचेरीतला हजेरीपट सुट्या पानांचा असेल तर डाग पडलेले पान काढून दुसऱ्या प्रतीचे चांगले पान घालता येते. पाने शिवून टाकली तर एका खराब पानासाठी सगळी वही टाकावी लागते. ते परवडत नाही म्हणून खराब पान तसेच राहते. अदलाबदल थांबलेल्या भागाचे असेच होते. चुका साचतात. पेशीत जागा बदलणारे, स्वतःच्या नकला करणारे फिरते तुकडे असतात. ते तेथे येऊन बसतात आणि त्यांना हुसकावता येत नाही. म्हणून प्रथम य गुणसूत्र फुगते. तोंडलीचे य अशा निरर्थक पानांनी जाडजूड झालेले आहे. सायलीनचेही तसेच. पुढे कोट्यवधी वर्षांत मोडकी जनुके एकेक गळत जातात आणि य आकसते. माणसाचे क्ष सुमारे १५ कोटी ४० लाख अक्षरांचे आहे, तर २०२३ साली प्रथमच संपूर्ण वाचले गेलेले य सुमारे ६ कोटी २० लाख अक्षरांचे. तोंडलीचे तारुण्य आणि माणसाचे म्हातारपण, एवढाच तो विरोध.

आता पपईकडे येऊ, कारण तिथे ही कथा एका वेगळ्या वळणावर जाते आणि शेतकऱ्याच्या खिशापर्यंत पोचते. पपईत झाडे तीन तऱ्हेची असतात. नर झाडाला लांब लोंबते तुरे, मादीला खोडालगत आखूड देठाची मोठी फुले आणि गोलसर फळ, आणि तिसरे उभयलिंगी, ज्याचे फळ लांबट असते व बाजारात त्याला अधिक मागणी असते. १९३८ साली हवाई बेटांत स्टोरी आणि दक्षिण आफ्रिकेत हॉफमायर यांनी स्वतंत्रपणे याची वाटणी मांडली. आजच्या भाषेत सांगायचे तर मादी क्ष-क्ष, नर क्ष-य, आणि उभयलिंगी झाडात क्षबरोबर य गुणसूत्राचाच एक निराळा प्रकार असतो. त्याला आपण ‘दुसरा य’ म्हणू.

सूक्ष्मदर्शकातून पाहिले तर पपईचे क्ष आणि य सारखेच दिसतात. भेद कळला तो अक्षरे वाचल्यावर. २००४ साली हवाईतील संशोधकांनी दाखवले की, या गुणसूत्राच्या एका लहान भागात अदलाबदल बंद आहे. २०१२ साली तो भाग वाचून झाला : दुसऱ्या यवर ८१ लाख अक्षरे, तर क्षवरच्या जोडीच्या भागात ३५ लाख. फुगण्याची क्रिया चालू आहे. या भेदाचे वय सुमारे सत्तर लाख वर्षे निघते. उत्क्रांतीच्या मानाने हे कालचेच मूल. तरीही तेवढ्यात त्या भागातून जगण्यास आवश्यक असे काहीतरी हरवले आहे, कारण क्ष मुळीच नसून दोन्ही य मिळालेले बीज गर्भावस्थेतच मरते.

खरी गंमत पुढे आहे. रानटी पपई मेक्सिको आणि मध्य अमेरिकेत आढळते, आणि तिच्यात नर व मादी अशी दोनच झाडे असतात. उभयलिंगी झाड केवळ लागवडीत. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नराचा य आणि दुसरा य ताडून पाहिले. ते जवळजवळ सारखे निघाले, आणि त्यांची फारकत सुमारे चार हजार वर्षांपूर्वीची ठरली. जगभरच्या उभयलिंगी पपयांतला दुसरा य जवळपास एकसारखाच आहे, आणि कोस्टा रिकाच्या पॅसिफिक किनाऱ्यावरील रानटी नरांचा य त्याला सर्वांत जवळचा आहे. याचा अर्थ असा की, एखाद्या नर झाडात स्त्रीकेसर दाबणारी कळ निकामी झाली, त्याला फळ धरले, आणि मध्य अमेरिकेतल्या त्या काळच्या कुणा शेतकऱ्याने ते पाहून त्याचे बी राखून ठेवले. त्या एका निवडीची संतती आज साऱ्या उष्ण प्रदेशांत पसरली आहे. निसर्गाने सत्तर लाख वर्षे चालवलेली फाळणी माणसाच्या हाताने एका जागी मोडली.

आता हिशेब करू. आपल्याकडे पूर्वीपासून लावली जाणारी वॉशिंग्टन जात नर-मादी वेगवेगळी असणारी आहे. तिची निम्मी रोपे नर निघतात, आणि फुले येईपर्यंत ओळखू येत नाहीत. हजार खड्ड्यांत एकेक रोप लावले तर पाचशे खड्डे फुकट. परागासाठी दहा मादींमागे एक नर पुरतो. म्हणून शेतकरी एका खड्ड्यात तीन रोपे लावतो आणि फुले आल्यावर नको ते उपटतो. तरी तिन्ही नर निघण्याचा संभव आठात एक, म्हणजे हजारात सव्वाशे खड्डे. आणि उपटलेल्या प्रत्येक रोपाने तोवर खत, पाणी आणि मजुरी खाल्लेली असते.

उभयलिंगी झाडाचे बी त्याच्याच परागाने धरवले तर काय होते? चार भागांपैकी एक भाग मादी, दोन भाग उभयलिंगी, आणि एक भाग दोन य असल्यामुळे गर्भातच मेलेला. उगवलेल्या तीन रोपांत दोन उभयलिंगी, एक मादी. नर एकही नाही. प्रत्येक झाड फळाचे. परंतु सगळी रोपे उभयलिंगी निघतील असे शुद्ध बी या वाटेने कधीच करता येत नाही, कारण त्याला दोन्ही य लागतील आणि ते बीज जगत नाही. तेव्हा ‘शंभर टक्के उभयलिंगी बी’ म्हणून कोणी पुडी पुढे केली, तर शेतकऱ्याने हा चारांचा हिशेब विचारावा. आता प्रयोगशाळेत कोवळ्या रोपाच्या पानाच्या तुकड्यावरून त्याची जात ओळखता येते. ही सोय कोणाच्या हाती राहते आणि किती पैशांत मिळते, हा प्रश्न शास्त्राचा नसून आपला आहे. कोकम आणि जायफळात तर झाड नर की मादी हे कळेपर्यंत वर्षानुवर्षे जातात. तिथे मादीच्या फांदीचे कलम बांधणे ही बागाइतांनी काढलेली तोड आहे.

सगळीकडे दोन जनुकांचाच जिना आहे काय? शतावरीच्या कुळातील, युरोपात भाजीसाठी लावल्या जाणाऱ्या ॲस्पॅरागसमध्ये २०१७ साली तसाच आढळला : यवरच्या लहानशा भागात एक जनुक स्त्रीकेसर दाबणारे, एक परागकोश घडवणारे. पहिले निकामी झाले की नर झाड उभयलिंगी होते. परंतु ज्या तेंदूच्या पानात आमच्या विडी कामगार भगिनी तंबाखू वळतात, त्याच्या कुळातल्या एका आशियाई झाडात २०१४ साली जपानी शास्त्रज्ञांना निराळीच व्यवस्था सापडली. तिथे परागाचे खाते बंद ठेवणारे एक जनुक सर्वच झाडांत असते, आणि यवरचे दुसरे जनुक फक्त त्याचे तोंड बंद करते. पिस्त्यात तर असमान जोडी नराऐवजी मादीजवळ असते, आपल्या कोंबडीप्रमाणे. काम एक, पण ते करण्याच्या रीती अनेक.

यातून काय घ्यावे? झाडांवरून माणसांसाठी कायदे काढू नयेत, हे मी प्रथम सांगतो. पपई आपल्या संसाराची स्मृती लिहायला बसलेली नाही. पण जो कोणी निसर्गाचे नाव घेऊन एखाद्या व्यवस्थेला अनादि आणि अटळ म्हणेल, त्याला निसर्गाची साक्ष मिळणार नाही. नर-मादीची विभागणी कोणी एकदा ठरवून दिलेली नाही. ती एका बिघाडातून आणि एका सोयीतून उभी राहते, टिकते, जीर्ण होते, आणि प्रसंगी मोडतेही. ज्या गुणसूत्राचा वंशाच्या दिव्याशी एवढा संबंध जोडला जातो, ते शास्त्राच्या नजरेला देवघेव बंद झाल्यामुळे खंगत गेलेले गुणसूत्र आहे. जोडीदाराशी अदलाबदल चालू असलेले क्ष मात्र धडधाकट राहिले.

आणि शेवटी ज्ञानाच्या श्रमाबद्दल. कामेरारियुसचे नाव इतिहासात आहे, स्टीव्हन्सबाईंचे आहे, आपल्या पुण्याच्या संशोधकांचेही असले पाहिजे. परंतु खजुराचा मोहोर झटकणारे हात, लिन्शोतेनला पपईची रीत सांगणारे गोव्याचे बागाईत, आणि फळ धरलेले नर झाड पाहून त्याचे बी जपून ठेवणारा चार हजार वर्षांपूर्वीचा तो शेतकरी, यांची नावे आपल्याला कधीच कळणार नाहीत. त्यांची नोंद पपईच्या पेशीत आहे, आणि ती वाचायला आपण आता कोठे शिकलो आहोत. बाजारात उद्या लांबट पपई हातात घ्याल तेव्हा तिचे मोल करताना ही नोंदही जमेस धरावी, एवढी विनंती.